रॅटच्या यकृतावर रिफॅम्पिसिनचा परिणाम का दिसला नाही: एका पीएच.डी. प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका औषधशास्त्र विभागातला हा प्रकल्प. ओळख पटू नये म्हणून संस्था, माणसं आणि वर्षं दिलेली नाहीत. संशोधिका जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून फेलोशिपवर आलेली. मार्गदर्शक मॅडमचं आयुष्यभराचं काम स्टेरॉइड हार्मोनांच्या चयापचयावर. विभागाकडे स्वतःचं प्राणीगृह, एक जुनं पण चांगलं चालणारं अल्ट्रासेंट्रिफ्यूज आणि एक एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. पेशीसंवर्धनाची सोय शेजारच्या विभागात, तीही वेळ मागून घ्यावी लागणारी.

प्रश्न आपल्याकडे अगदी महत्त्वाचा होता. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एन गोळीत ०.०३ मि.ग्रॅ. एथिनिलइस्ट्रॅडिऑल आणि ०.१५ मि.ग्रॅ. लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन यकृतात आणि आतड्यात सिप-३ए४ हे एन्झाइम वाढवतं. त्यामुळे गोळीतलं हार्मोन शरीरातून लवकर निघून जातं आणि नको असताना गर्भ राहू शकतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून डॉक्टरांना हे ठाऊक आहे. प्रकल्पाला पुढचा प्रश्न विचारायचा होता: रिफॅम्पिसिन, रिफापेंटिन आणि रिफाब्युटिन या तीन भावंडांपैकी एन्झाइम कोण किती वाढवतं, आणि सोबत आयसोनियाझिड हे क्षयाचं दुसरं औषध असेल तर चित्र बदलतं का?

आराखडा नेहमीचा. विस्टार जातीचे नर रॅट, गटात सहा. तिन्ही औषधांचा प्रत्येकी एक गट आणि नुसतं द्रावक दिलेला एक गट. सात दिवस नळीने तोंडावाटे औषध, मग यकृत काढून मायक्रोसोम (पेशींतल्या पडद्यांचे, ही एन्झाइमं असलेले बारीक तुकडे) करायचे आणि सिप-३ए, म्हणजे माणसातल्या सिप-३ए४चं रॅटमधलं कुटुंब, किती वाढलं ते मोजायचं. रिफॅम्पिसिन १० मि.ग्रॅ. प्रति किलो, कारण माणसाला साधारण तेवढंच दिलं जातं.

संस्थेच्या प्राणी नीतिसमितीसमोर अर्ज गेला तेव्हा एका सदस्याने विचारलं, "तुमच्या मोजणीत एन्झाइम वाढलेलं दिसतं, याचा पुरावा देणारा गट कुठे आहे?" मूळ अर्जात तो नव्हता. समितीने पाचवा गट घालायला लावला: डेक्सामेथासोन, ५० मि.ग्रॅ. प्रति किलो, पोटात इंजेक्शनने, शेवटचे चार दिवस. रॅटमध्ये सिप-३ए हमखास वाढवणारं हे औषध आहे. त्या वेळी संशोधिकेला हे सहा प्राण्यांचं वाढीव काम वाटलं. पुढे हाच गट निर्णायक ठरला.

अडचण

पहिल्या फेरीत डेक्सामेथासोनच्या गटात सिप-३एची क्रिया कित्येक पटींनी वर गेली. रिफॅम्पिसिनचा गट मात्र द्रावकाच्या गटाशेजारीच राहिला, आणि रिफापेंटिन, रिफाब्युटिनचंही तेच. ज्या औषधाला जगभर एन्झाइम वाढवण्याचा आदर्श नमुना मानतात, त्याचाच परिणाम दिसेना.

संशय आधी हातावर गेला, आणि तसा जाणंच योग्य होतं. मायक्रोसोम करताना चुका होण्याच्या जागा पुष्कळ असतात. यकृत थंड १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइडने आतून नीट धुतलं नाही तर रक्त मागे राहतं. १०,००० जी-वर (गुरुत्वाच्या दहा हजार पट जोराने) वीस मिनिटं फिरवून वरचा द्रव घ्यायचा, तो १,००,००० जी-वर तासभर फिरवायचा, तळाशी बसलेला गोळा पुन्हा धुऊन २० टक्के ग्लिसरॉल असलेल्या बफरमध्ये विरघळवून उणे ८० अंशांवर ठेवायचा. सगळं बर्फावर. एकूण पी-४५०, म्हणजे सिप एन्झाइमांचं सगळं घराणं, मोजायची ओमुरा आणि सातो यांची १९६४ची पद्धत आजही चालते: डायथायोनाइट टाकून कार्बन मोनॉक्साइड सोडायचा, ४५० आणि ४९० नॅनोमीटरच्या शोषणातला फरक घ्यायचा आणि त्याला ९१ने भागायचं, उत्तर मिलिमोलरमध्ये येतं. आलेखात ४२० नॅनोमीटरला उंचवटा दिसला तर एन्झाइम मेलेलं आहे किंवा रक्ताचं हिमोग्लोबिन मिसळलेलं आहे. पहिल्या फेरीतल्या काही नमुन्यांत असा उंचवटा होता. यकृत धुण्याची पद्धत सुधारली आणि तो गेला.

सिप-३एची क्रिया टेस्टोस्टेरॉनवरून मोजली होती. मायक्रोसोमला २०० मायक्रोमोलर टेस्टोस्टेरॉन आणि १ मिलिमोलर एनएडीपीएच देऊन ३७ अंशांवर दहा मिनिटं ठेवायचं, एथिल अॅसिटेटने थांबवायचं आणि एचपीएलसीवर २४० नॅनोमीटरच्या आसपास ६-बीटा-हायड्रॉक्सीटेस्टोस्टेरॉनचं शिखर वाचायचं. या पद्धतीचा मोठा फायदा असा की एकाच आलेखात अनेक एन्झाइमं दिसतात. नर रॅटमध्ये २-अल्फा आणि १६-अल्फा ही शिखरं मुख्यतः सिप-२सी११ या एन्झाइमची. ते नरातच भरपूर असतं, कारण नराच्या शरीरात वृद्धी-हार्मोन ठरावीक अंतराने झटक्या-झटक्याने सुटतं आणि यकृताला त्या तालावरून हुकूम मिळतो. मादीत हे हार्मोन जवळजवळ संथ वाहतं, म्हणून तिचं यकृत वेगळंच वागतं. प्राणी आजारी असेल किंवा औषधाने खंगला असेल तर हीच शिखरं आधी खाली येतात. रिफॅम्पिसिनच्या गटात ती जागच्या जागी होती. म्हणजे प्राणी ठणठणीत, मायक्रोसोम जिवंत, मोजणी बरोबर. एवढं सगळं नीट असताना आलेल्या शून्यावर विश्वास ठेवायला हवा होता.

तो ठेवला गेला नाही. "मॅडम, डोस कमी पडला असेल का?" या प्रश्नात तथ्य होतं. माणसाचा मि.ग्रॅ. प्रति किलोचा आकडा रॅटला जसाच्या तसा लावणं चूकच. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने त्याला साधारण ६.२ने गुणावं लागतं. म्हणून दुसरी फेरी, रिफॅम्पिसिन ५० मि.ग्रॅ. प्रति किलो, बाकीच्या दोघांचंही तसंच वाढवून. या वेळी किंचित वाढ दिसली, पण प्राण्या-प्राण्यांतल्या फरकात ती बुडून जाणारी.

दोन फेऱ्यांत साठ रॅट वापरले गेले होते. ज्युनिअर फेलोशिपवरून सीनिअरवर जाण्यासाठीची मूल्यमापन समिती चार महिन्यांवर आली होती. हाती होतं ते अभ्यासाच्या मूळ गृहीतकाच्या विरुद्ध.

कारण

इथे थोडं थांबायला हवं, कारण या कोड्याचं उत्तर बऱ्याच आधी छापलेलं होतं आणि त्याचा इतिहास मोठा सुंदर आहे.

मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांना आढळलं होतं की काही स्टेरॉइडं दिलेले रॅट एरवी मारक ठरणाऱ्या विषातूनही वाचतात. त्यांतलं सर्वांत ताकदवान म्हणजे प्रेग्नेनोलोन-१६-अल्फा-कार्बोनायट्राइल, थोडक्यात पीसीएन. हे स्टेरॉइड यकृतातली औषध मोडणारी एन्झाइमं वाढवत होतं. डेक्सामेथासोनही तेच करत होतं, आणि ते ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीला चेतवतं (ग्राही म्हणजे ठरावीक रेणू ओळखणारं पेशीतलं प्रथिन), म्हणून सगळे त्या ग्राहीकडे बोट दाखवत होते. पण पीसीएन त्या ग्राहीवर उलट काम करतं, त्याला अडवतं. एकाच ग्राहीला चेतवणारं आणि अडवणारं अशी दोन्ही औषधं एकच परिणाम घडवत असतील, तर मधे दुसराच कुणी असणार.

तो १९९८मध्ये सापडला: प्रेग्नेन एक्स ग्राही, पीएक्सआर. औषध पेशीत शिरून या ग्राहीला चिकटतं, ग्राही आरएक्सआर या जोडीदारासह डीएनएवर बसतो आणि सिप-३एचं जनुक सुरू होतं. माणसाचा आणि रॅटचा पीएक्सआर डीएनएला धरणाऱ्या भागात जवळजवळ सारखा आहे. औषध चिकटतं तो खिसा मात्र फक्त तीन-चतुर्थांशाच्या आसपास जुळतो. या ग्राहीच्या घराण्यात दोन सस्तन प्राण्यांमध्ये एवढा फरक सहसा नसतो. परिणाम असा की रिफॅम्पिसिन माणसाच्या आणि सशाच्या पीएक्सआरला जोरात चेतवतं, रॅट आणि माऊसच्या ग्राहीला फारसं नाही. पीसीएनचं बरोबर उलटं. डेक्सामेथासोन मोठ्या मात्रेत रॅटचा ग्राही चेतवतं. म्हणजे संशोधिकेच्या पाचही गटांनी पाठ्यपुस्तकी उत्तर दिलं होतं.

हे विभागात कुणाला ठाऊक नव्हतं असं म्हणणं बरोबर होणार नाही. मॅडमना पीएक्सआर माहीत होता, संशोधिकेने त्यावर परिसंवादही दिला होता. पण 'रिफॅम्पिसिन सिप-३ए वाढवतं' हे वाक्य तिच्या टिपणवहीत प्राण्याचं नाव न लिहिताच उतरलं होतं, आणि प्राणी निवडताना प्राणीगृहात काय आहे हे आधी पाहिलं गेलं.

पर्याय

मूल्यमापनापूर्वी विभागात दोन बैठका झाल्या. सहा वाटा समोर होत्या.

पहिली, डोस आणखी वाढवायचा. प्रयोगशाळेत हे सर्वांत सोपं वाटतं, कारण नवं काही शिकावं लागत नाही. पण फार मोठ्या मात्रेत यकृताला इजा होते आणि मग जे मोजलं जाईल ते इजेचं मोजमाप ठरेल. शिवाय ही वाट नवीन प्राणी न वापरता बंद करता येत होती. आराखड्यात सातव्या दिवशी शेपटीच्या शिरेतून औषधानंतर दोन आणि सहा तासांनी रक्त घेण्याची तरतूद होती, आणि तो प्लाझ्मा अॅस्कॉर्बिक आम्ल घालून उणे ८० अंशांवर ठेवलेला होता. रिफॅम्पिसिन हवेने ऑक्सिडाइझ होतं, म्हणून हे आम्ल घालतात. त्यात रिफॅम्पिसिन मोजलं. माणसात उपचाराच्या वेळी रक्तातली कमाल पातळी साधारण ८ ते २४ मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. अपेक्षित असते, मोठ्या डोसच्या रॅटमध्ये ती पातळी गाठलेली होती. औषध पोचत होतं, पण त्याला ओळखणारा ग्राही तिथे नव्हता. हा पर्याय तिथेच संपला.

दुसरी वाट, रॅट तसेच ठेवून औषध बदलायचं, पीसीएन वापरायचं. निकाल झकास आले असते आणि लेखही छापून आला असता. पण पीसीएन कुठल्याही रुग्णाला दिलं जात नाही. क्षयाच्या औषधांचा प्रश्न सुटला नसता. मॅडमनी हा पर्याय एका वाक्यात नाकारला, आणि या प्रकरणातला सर्वांत धीराचा निर्णय तोच होता, असं माझं मत आहे. मूल्यमापन तोंडावर असताना खात्रीचा आलेख सोडून देणं सोपं नसतं.

तिसरी, ससा. ग्राही जुळतो, पण सशात बाकीच्या सिप एन्झाइमांची मांडणी वेगळी आणि प्राणीगृहात सशांची पुरेशी सोय नाही. चौथी, मानवी पीएक्सआर बसवलेले माऊस. असे माऊस २०००पासून माहीत आहेत आणि उत्तम आहेत, पण आयात, परवाना, विलगीकरण आणि पैदास धरता ज्या मुदतीत शोधनिबंध द्यायचा तीच संपली असती.

पाचवी, मानवी यकृतपेशी. सहावी, थेट रुग्ण. या दोन्ही एकत्र घ्यायचं ठरलं, पण त्याआधी एक छोटा प्रयोग करायचा: ग्राहीच बदलून पाहायचा.

केलेली कृती

ग्राहीचा प्रयोग साधा होता. हेपजी-२ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी यकृतपेशींमध्ये एका ताटलीत मानवी पीएक्सआरचा प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारं डीएनएचं कडं), दुसऱ्या ताटलीत रॅटचा. दोन्हींत सिप-३ए४च्या प्रमोटरला (जनुक सुरू करणाऱ्या भागाला) जोडलेलं ल्युसिफरेज, म्हणजे जनुक सुरू झालं की प्रकाश. पेशींत प्लाझ्मिड किती शिरला याचा फरक काढून टाकण्यासाठी रेनिला ल्युसिफरेज सोबत. रिफॅम्पिसिनचा रेणुभार सुमारे ८२३, ८.२३ मि.ग्रॅ. एक मि.ली. डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं की १० मिलिमोलर, त्याचा हजारावा भाग माध्यमात घातला की १० मायक्रोमोलर औषध आणि ०.१ टक्के डीएमएसओ. १० मायक्रोमोलर म्हणजे सुमारे ८.२ मायक्रोग्रॅम प्रति मि.ली., रुग्णाच्या रक्तातल्या कमाल पातळीच्या खालच्या टोकाशी. द्रावण रोज ताजं करायचं आणि उजेडापासून लांब ठेवायचं.

पहिल्या वेळी औषध न दिलेल्या पेशीही उजळल्या. कारण सीरममध्ये होतं: गोवंशीय सीरममध्ये नैसर्गिक स्टेरॉइडं असतात आणि पीएक्सआर स्टेरॉइडांना उत्तर देतो. कोळशाने स्टेरॉइडं काढलेलं सीरम वापरलं आणि पार्श्वप्रकाश खाली आला. त्यानंतर चित्र लख्ख झालं. मानवी ग्राहीची ताटली रिफॅम्पिसिनने उजळली, पीसीएनने नाही. रॅटच्या ग्राहीची पीसीएनने उजळली, रिफॅम्पिसिनने फारशी नाही. पेशी तीच, प्रमोटर तोच, औषध तेच; बदलला होता फक्त ग्राही. मूल्यमापन समितीसमोर ही एक आकृती आणि साठ रॅटचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले.

समितीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "हे माहीतच होतं, मग यात नवीन काय?" संशोधिकेने उत्तर दिलं, "सर, हे नवीन नाही. हे दुरुस्त केलेलं आहे. नवीन काम इथून पुढे आहे." त्यांना पुढच्या कामाचा तपशील हवा होता. तो लेखी तयार होता, म्हणून बढती मिळाली.

मानवी यकृतपेशी गोठवलेल्या स्वरूपात, द्रव नायट्रोजनच्या ड्राय शिपरमधून येतात. एका दात्यावर निष्कर्ष काढता येत नाही, कारण माणसा-माणसांत सिप-३ए४ची मूळ पातळी फार वेगळी असते. किमान तीन दाते लागतात. खर्च मोठा, त्यामुळे एकही कुपी वाया घालवायची सोय नव्हती. ३७ अंशांच्या पाण्यात दोन मिनिटांच्या आत वितळवायचं, बर्फाचा शेवटचा बारीक तुकडा राहिला की बाहेर काढायचं. मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने मोजून ८० टक्क्यांहून कमी पेशी जिवंत असतील तर पुढे जायचं नाही. कोलॅजन लावलेल्या २४ खळग्यांच्या ताटलीत खळग्यामागे साधारण साडेतीन लाख पेशी. दुसऱ्या दिवशी वरून मॅट्रिजेलचा पातळ थर, मग तीन दिवस रोज ताजं औषध.

इथे हार्मोनने पुन्हा एकदा हिसका दाखवला. यकृतपेशींच्या माध्यमात डेक्सामेथासोन घालावंच लागतं, नाहीतर पेशींचा आकार बिघडतो आणि पीएक्सआरचं प्रमाणही घसरतं. पण ते जास्त झालं तर स्वतःच सिप-३ए४ वाढवतं. तयार मिळालेल्या एका माध्यमात त्याची मात्रा १ मायक्रोमोलर होती. पहिल्या दात्याच्या पेशींत औषध न दिलेले खळगेही वर आले, त्यामुळे रिफॅम्पिसिनची पटीतली वाढ छोटी दिसली. मात्रा १०० नॅनोमोलरवर आणल्यावर फरक उघड झाला. माध्यमाच्या बाटलीवरची घटकांची यादी आधी वाचली असती तर एक कुपी वाचली असती.

आयसोनियाझिडसाठी एकाच पेशींवर दोन मोजण्या केल्या: जनुकाचा एमआरएनए (एन्झाइम बनवण्याचा संदेश) आणि एन्झाइमची प्रत्यक्ष क्रिया. हा निर्णय मॅडमचा. आयसोनियाझिड सिप-३ए४ला निकामी करू शकतं, त्यामुळे नुसता एमआरएनए पाहिला तर दिशाभूल होईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

रुग्णांच्या भागासाठी कुणालाही वेगळं औषध द्यायचं नाही, गर्भनिरोधक गोळीही नाही, असं ठरलं. शासकीय कार्यक्रमातून ज्यांचे उपचार सुरूच होणार आहेत, त्यांची फक्त लघवी तपासायची. शरीरातलं कॉर्टिसॉल सिप-३ए४मुळे ६-बीटा-हायड्रॉक्सीकॉर्टिसॉल होऊन लघवीत उतरतं. या दोघांचं गुणोत्तर म्हणजे औषध न देता मिळालेला एन्झाइमचा अंदाज. ४-बीटा-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल हा दुसरा चांगला दर्शक, पण त्याचा अर्धायुकाल दोन आठवड्यांहून जास्त, त्यामुळे चौदाव्या दिवशी तो अजून चढतच असतो. रक्तही काढावं लागतं. तो सोडला.

कागदावर सोपं वाटलेलं काम दवाखान्यात अवघड निघालं. निदान झालं की गोळ्या त्याच दिवशी सुरू होतात, आणि तसंच व्हायला हवं. संशोधनासाठी उपचार तासभरही लांबवायचा नाही हे नीतिसमितीने स्पष्ट लिहून घेतलं. म्हणजे पहिल्या गोळीआधीचा नमुना मिळायला वेळ अगदी थोडा. त्यात कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि रात्री कमी, म्हणून दोन्ही नमुने सकाळी आठ ते दहामध्येच हवेत. दुपारी आलेले रुग्ण बाद झाले. स्टेरॉइड, बुरशीची अॅझोल औषधं किंवा फिटांची औषधं घेणारे आधीच वगळलेले. संख्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी भरली.

आणखी एक गोष्ट कुणी आधी धरली नव्हती. वजनगटाप्रमाणे एकत्रित गोळ्या मिळतात. ५० ते ६४ किलोच्या माणसाला चार, म्हणजे रिफॅम्पिसिन ६०० मि.ग्रॅ. त्याने लघवी नारिंगी होते. 'आधीचा' नमुना कोणता आणि 'नंतरचा' कोणता हे नळी पाहताच कळतं; सांकेतिक क्रमांकांचा उपयोग उरत नाही. उपाय म्हणून नमुने उघडून पातळ करण्याचं काम एका व्यक्तीकडे आणि एलसी-एमएसवरची (रेणू वेगळे करून वजनाने ओळखणाऱ्या यंत्रावरची) शिखरं वाचण्याचं काम दुसऱ्या व्यक्तीकडे दिलं. अँटिबॉडीवर चालणारे किट टाळले, कारण कॉर्टिसॉलच्या अँटिबॉडी सारख्या दिसणाऱ्या स्टेरॉइडांनाही चिकटतात.

निष्पत्ती

तिन्ही दात्यांच्या पेशींत रिफॅम्पिसिन आणि रिफापेंटिन यांनी सिप-३ए४ ठळकपणे वाढवलं, रिफाब्युटिनने त्याहून कमी. किती पट वाढ, हा आकडा दात्यानुसार खूप बदलला: ज्याची मूळ पातळी कमी त्याची पट मोठी. म्हणून निकाल रिफॅम्पिसिनच्या तुलनेतल्या टक्क्यांत मांडला, आणि मग तिन्ही दात्यांचा क्रम एकसारखा आला. आयसोनियाझिडने एमआरएनए बदलला नाही, एन्झाइमची क्रिया मात्र थोडी दाबली. मॅडमचा अंदाज खरा ठरला. शोधनिबंधातला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि तो मूळ आराखड्यातल्या प्राण्यांमधून कधीच मिळाला नसता.

रुग्णांमध्ये गुणोत्तर चौदाव्या दिवशी जवळजवळ सगळ्यांचं वाढलं. पण संख्या लहान असल्याने किती वाढलं याबद्दल निबंधात जपून लिहिलं आहे. एथिनिलइस्ट्रॅडिऑलच्या बाबतीतही एक मर्यादा उघडपणे मांडली: त्याचा मोठा वाटा आतड्याच्या भिंतीतच सल्फेट होऊन जातो, आणि यकृतपेशींच्या ताटलीत आतडं नसतं. त्यामुळे ताटलीतल्या आकड्यावरून गोळी किती निकामी होईल हे सांगता येत नाही. क्षयाचे उपचार घेणाऱ्या बाईला द्यायचा सल्ला या कामाने बदललेला नाही. रिफॅम्पिसिन चालू असेपर्यंत आणि ते थांबल्यावरही काही आठवडे फक्त हार्मोनच्या गोळीवर विसंबू नये. तांबी हा चांगला पर्याय आहे, कारण तिचं काम यकृतातल्या एन्झाइमांवर अवलंबून नसतं.

रॅटचे निकाल पूर्ण प्रकरण म्हणून निबंधात ठेवले, परिशिष्टात ढकलले नाहीत. एका बहिस्थ परीक्षकाने ते काढायला सुचवलं होतं, मॅडमनी नकार दिला. साठ प्राणी वापरले गेले असतील तर त्यांनी दिलेलं उत्तर नोंदलं गेलंच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या कुठल्यातरी प्राणीगृहात हाच प्रयोग पुन्हा होईल. मुदतवाढ घ्यावी लागली, फेलोशिपचे शेवटचे महिने पैशांच्या ओढाताणीत गेले. पदवीनंतर संशोधिका एका औषधकंपनीच्या चयापचय विभागात गेली. मुलाखतीत सर्वांत जास्त प्रश्न रॅटच्या प्रकरणावर विचारले गेले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयबिंदू प्राणी निवडण्याचा. त्या दिवशी विचारायचा प्रश्न होता: ज्या ग्राहीमार्फत हे औषध काम करतं, तो या प्राण्यात औषधाला ओळखतो का? हे शोधायला एक दुपार पुरली असती. औषधचयापचयात हा धोका सगळीकडे आहे. माऊसमध्ये 'कार' नावाच्या ग्राहीला जोरात चेतवणारं टीसीपीओबीओपी हे रसायन माणसाच्या कारवर चालत नाही. नर रॅटमधलं सिप-२सी११ माणसात नाहीच. वृद्धी-हार्मोनच्या तालावर नर-मादीच्या यकृतात रॅटमध्ये जेवढा फरक पडतो, तेवढा माणसात दिसत नाही. रॅट वाईट प्राणी आहे असा याचा अर्थ नाही. ऊतींमध्ये औषध कुठे साठतं, विषारी मात्रा किती, गर्भावर काय परिणाम होतो, अशा प्रश्नांना तो उत्तर देतो. एन्झाइम वाढण्याच्या प्रश्नाला मात्र आधी ग्राही तपासायला हवा.

दुसरा, पहिल्या फेरीनंतरचा. डेक्सामेथासोनचा गट चालला होता, २-अल्फा आणि १६-अल्फाची शिखरं जागेवर होती, प्लाझ्मा फ्रीजरमध्ये होता. दुसरी फेरी सुरू करण्याआधी तो प्लाझ्मा मोजला असता तर पहिल्या डोसला रक्तात किती औषध पोचलं हे कळलं असतं. ते कमी निघालं असतं, तर योग्य डोस शोधायला दोन-तीन प्राणी पुरेसे होते. पूर्ण गट पुन्हा करायची गरज नव्हती. या ठिकाणी तीस प्राणी आणि जवळपास अर्धं वर्ष वाचलं असतं. घाईत मोजणीवर संशय घेणं समजण्यासारखं आहे, पण संशय आधी हातात असलेल्या नमुन्यांवर तपासायचा असतो.

तिसरा, ग्राहीचा प्रयोग रॅटच्या दोन फेऱ्यांनंतर नाही तर सर्वांत आधी. ग्राहीचे दोन प्लाझ्मिड, एक पेशीवाण आणि दोन ताटल्यांचा खर्च. तिन्ही औषधं त्यात आधी चाळून घेतली असती तर महागड्या यकृतपेशींसाठी मात्राही नेमकी ठरली असती.

रुग्णांच्या भागात सुधारणेला जागा आहे. निदान होणाऱ्या केंद्रावरच प्रशिक्षित परिचारिका आणि नमुन्याच्या बाटल्या ठेवल्या असत्या, तर सकाळच्या वेळेत आलेले रुग्ण निसटले नसते. चौदाव्या दिवसासोबत उपचार संपल्यानंतर दोन आठवड्यांचा तिसरा नमुना घेतला असता, तर एन्झाइम मूळ पातळीवर कधी परततं हेही कळलं असतं. गोळी पुन्हा कधी सुरू करायची, असं विचारणाऱ्या बाईला हाच आकडा हवा असतो.

विभागाच्या प्राणी-अर्जात आता दोन जास्तीच्या ओळी आहेत. एकीत औषधाचा लक्ष्य-ग्राही आणि निवडलेल्या प्राण्यात तो औषधाला प्रतिसाद देतो याचा छापील पुरावा लिहायचा. दुसरीत, निकाल शून्य आला तर आधी कोणते साठवलेले नमुने तपासणार, हे प्रयोग सुरू होण्यापूर्वीच लिहून द्यायचं.